अध्यापन-साहित्याचा शोध आणि संबंधजालाचे विश्लेषण : खानदेशच्या संदर्भात

अहिराणीचा एखादा पाठ, ध्वनिमुद्रण अथवा शब्दसूची आंतरजालावर शोधावयास निघालेल्या अध्यापकापुढे पहिली अडचण उभी राहते ती लेखनाची. बोलीचे प्रमाणलेखन रूढ झालेले नसल्यामुळे ‘माझा’ या अर्थाचे रूप कोणी ‘मना’ असे लिहितो, तर कोणी ‘मन्हा’ असे. खुद्द बोलीचे नावही कोठे ‘अहिराणी’, तर कोठे ‘अहिरानी’ असे आढळते. शोधयंत्राला मुख्य आधार असतो तो लिहिलेल्या अक्षरांचा. ज्या ध्वनिमुद्रणाला नीट शीर्षकही दिलेले नाही, ते त्याच्या हाती लागणार कसे? दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशीची मांडणी भिल्ली भाषांसमवेत केली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली व तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८.६ लाख भरली. मराठीच्या अभ्यासकांत मात्र अहिराणीकडे मराठीची बोली म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. एकाच बोलीचे साहित्य असे तीन निरनिराळ्या मथळ्यांखाली विखुरले जाते.

जे शब्दाच्या मार्गाने सापडत नाही ते पुष्कळदा माणसांच्या मार्गाने सापडते. चोपड्याच्या अध्यापकाला साक्रीकडील बोलीचा नमुना हवा असला, तर तो ‘कोणाकडे असेल?’ असेच प्रथम विचारतो. या स्वाभाविक विचारण्याला शिस्त लावणे म्हणजेच सामाजिक संबंधजालाचे विश्लेषण होय. यात व्यक्ती अथवा साहित्य हे बिंदू मानावयाचे, त्यांच्यातील देवघेव ही रेषांनी दाखवावयाची आणि मग त्या रेषांची रचना तपासावयाची.

ही पद्धती संगणकाच्या युगातच जन्मली असे नाही. मोरेनो यांनी १९३४ मध्येच माणसांच्या परस्परसंबंधांचे आलेख प्रसिद्ध केले होते. नॉर्वेतील एका बेटावरील समाजाचा अभ्यास करताना बार्न्स यांनी १९५४ मध्ये ‘जाल’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने वापरली. भाषाभ्यासकांना अधिक जवळचे वाटेल ते लेस्ली मिलरॉय यांचे बेलफास्टमधील काम (१९८०). ज्या वस्त्यांत माणसांचे संबंध दाट व बहुपदरी असतात, तेथे स्थानिक बोलीरूपे टिकून राहतात असे त्यांनी दाखविले. ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये याची दुसरी बाजू मांडली होती : नवी माहिती बहुधा निकटच्या मित्रांकडून येत नाही, ती क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते. निकटच्या मंडळींना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच.

अध्यापन-साहित्याच्या बाबतीत या विचाराचा उपयोग कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. जळगावच्या चार प्राध्यापकांचा एक गट आणि धुळे जिल्ह्यातील चार प्राथमिक शिक्षकांचा दुसरा गट घ्यावा. प्रत्येक गटात सर्वांचा सर्वांशी संबंध आहे, परंतु दोन गटांना जोडणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिचा संबंध प्रत्येक गटातील एकेकाशीच आहे. संबंधांची नुसती संख्या मोजली, तर ही व्यक्ती सर्वांत खाली जाते : तिचे दोन, तर इतरांचे तीन किंवा चार. परंतु एका गटातून दुसऱ्या गटात जाणाऱ्या मार्गांच्या सोळा जोड्या होतात आणि त्या सोळाही तिच्याकडून जातात. फ्रीमन यांनी १९७७ मध्ये या गुणाचे गणिती माप दिले. त्याला ‘मध्यस्थता’ म्हणता येईल. शोध घेणाऱ्याने विचारावे ते अशा व्यक्तीला. सर्वाधिक अनुयायी असलेल्या वाहिनीकडे अथवा प्रसिद्ध नावाकडे धावण्याची सवय येथे फारशी कामाची नाही.

खानदेशला हा अनुभव अगदी अपरिचित नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओव्या त्यांच्या हयातीत घरच्या मंडळींपुरत्याच होत्या. पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. जळगावचे घर आणि मराठी साहित्यविश्व यांच्यामध्ये दुवा होता तो एका व्यक्तीचा.

आज अशा दुव्यांचा माग काढावयाचा तर सामग्री कोणती घ्यावी? बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमधून दीक्षा या राष्ट्रीय मंचावरील (आरंभ २०१७) साहित्य उघडते. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाचे नमुने संकेतस्थळावर ऐकावयास मिळतात. शिरपूरच्या शिक्षकाने आणि भुसावळच्या प्राध्यापिकेने यांतील एकच नमुना आपापल्या पाठात घेतला असेल, तर ती दोघे परस्परांस अपरिचित असूनही त्या नमुन्याने जोडली गेली. अशी व्यक्ती-साहित्य कोष्टके मांडून त्यांवरून व्यक्ती-व्यक्ती संबंध काढता येतात. गेफी, पायेक यांसारख्या विनामूल्य प्रणाली ते काम करतात. गणित अवघड नाही. कठीण आहे ते श्रेयनिर्देशाचे. व्हॉट्सॲपवरून पाठ पुढे पाठविताना कर्त्याचे नाव गळून पडते आणि त्याबरोबर रेषाही पुसली जाते. श्रेय देणे हा शिष्टाचार तर आहेच, पण संबंधजालाच्या अभ्यासाची ती मूळ सामग्रीही आहे, ही गोष्ट अध्यापकवर्गात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

साहित्य सापडले म्हणजे ते वापरता येतेच असेही नव्हे. युनेस्कोने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशीनुसार, जे साहित्य स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त आहे अथवा ज्याला खुला परवाना दिलेला आहे, तेच मुक्त शैक्षणिक साहित्य होय. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत, परंतु त्यांतही ‘बदल न करता’ अशी अट असलेला परवाना भाषाध्यापकाच्या फारसा उपयोगी नाही. साक्रीकडील पाठ रावेर-यावलच्या लेवा बोलीच्या मुलांपुढे ठेवताना त्यातील रूपे बदलावीच लागतात. परवाना लिहिलेला नसेल, तर पुन्हा त्या मधल्या व्यक्तीकडेच जावे लागते. कर्त्याची परवानगी तिच्याच ओळखीने मिळते.

या पद्धतीचा एक मोठा दोषही आहे. जो शिक्षक आंतरजालावर काही ठेवतच नाही, तो आलेखात दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी वहीत शब्द टिपून ठेवणारा शिक्षक शून्य संबंधांचा, किंबहुना अस्तित्वातच नसलेला बिंदू ठरतो. म्हणून आलेख काढण्यापूर्वी तालुक्यांतील शाळांची यादी स्वतंत्रपणे करून कोणाचे नाव कोठेच येत नाही हे पाहावे लागते, आणि ते काम प्रत्यक्ष भेटीवाचून होत नाही. शिवाय खाजगी गटांतील संदेशांवरून रेषा काढावयाच्या तर संबंधितांची संमती आधी घेतली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, मध्यस्थ निवृत्त होतो; त्यामुळे एका वर्षी काढलेला आलेख दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढावा लागतो.