धावपटूची कारकीर्द : लेखांक चौथा
वर्गणी, बॅटन आणि नोकरी

बाजव्याच्या आसपास खताच्या व तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत नोकरीस लागून येथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखादी मुलगी शालेय स्पर्धेत शंभर मीटरची शर्यत जिंकून घरी येते, तेव्हा तिच्या वडिलांच्या मुखातून कौतुकापाठोपाठ 'पण पुढे काय?' हा जो प्रश्न हटकून निघतो, तो अगदी रास्त आहे. आणि त्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने वांद्र्याच्या मेरी डिसूझा यांची कारकीर्द अवश्य अभ्यासावी.

मार्च 1951 मध्ये दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक आणि रिलेत रौप्यपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली खरी, परंतु प्रवासखर्चाची तजवीज सरकारदरबारी होईना. तेव्हा स्नेह्यासोबत्यांनी वर्गणी उभी केली. देशाच्या नावाने धावणाऱ्या मुलीचे भाडे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरावे, ही गोष्ट त्या शेजाऱ्यांना जितकी भूषणावह तितकीच व्यवस्थेला लांच्छनास्पद होती, असे माझे स्पष्ट मत आहे. हेलसिंकीत त्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. पण त्या धावल्या, आणि भारतीय स्त्रिया ऑलिंपिकच्या धावपट्टीवर प्रथमच उतरल्या त्या याच वर्षी.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस मात्र 1954 साली मनिला येथे झाला. चार गुणिले शंभर मीटरची रिले ही केवळ वेगाची शर्यत नव्हे. बॅटन देणारी धावपटू जमिनीवरील ठरावीक खुणेशी पोहोचताच घेणारी पळू लागते, मागे वळून पाहत नाही, हाक ऐकताच तळहात मागे करते, आणि तत्कालीन नियमानुसार वीस मीटरच्या पट्ट्यातच बॅटन हाती पडली नाही तर अख्खा संघ बाद होतो; म्हणूनच वैयक्तिक शर्यतींत सरस असलेल्या प्रतिस्पर्ध्यांनाही अदलाबदलीच्या कौशल्यावर मागे टाकता येते. त्या मे महिन्यात शंभर मीटरचे सुवर्णपदक जपानकडे गेले असतानाही मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राऊन यांनी 49.5 सेकंदांत रिलेचे सुवर्णपदक भारतास मिळवून दिले.

या चौघींपैकी स्टेफी तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. गोव्यात जन्मलेल्या या मुलीस पुढे रेल्वेची नोकरी मिळाली, आणि वडिलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला येथे दिसते. कारण त्या काळी खेळातून पोट भरत नसे, आणि दरमहा हाती पडणारा पगार व स्पर्धेसाठी मंजूर होणारी रजा यांवाचून विशीनंतर पळत राहणे मध्यम स्थितीतील मुलीला दुरापास्त होते. स्टेफीने 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत दोनशे मीटरचे रौप्यपदक जिंकले, हॉकीत भारताचे प्रतिनिधित्व केले, ॲथलेटिक्ससाठी 1963 चा अर्जुन पुरस्कार मिळविला, आणि 1964 मध्ये स्त्रियांची चारशे मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच समाविष्ट झाली तेव्हा त्या शर्यतीतही ती धावली. मनिलापासून मोजल्यास ही दहा वर्षे होतात. अल्पजीवी मानल्या जाणाऱ्या या क्रीडाप्रकारात हा काळ मोठाच म्हटला पाहिजे.

मेरी डिसूझांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो 2013 मध्ये, मनिलाच्या सुवर्णपदकानंतर एकोणसाठ वर्षांनी. निवृत्तीनंतर धावपटूच्या शरीराचे व चरितार्थाचे काय होते, याचा विचार पुढील लेखांकात करू.