जुन्या वास्तूंच्या शेजारी उंच इमारत

उंच इमारतींचा विषय बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने कशासाठी काढावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. गगनचुंबी म्हणावी अशी इमारत आपल्याकडे नाही. उंच काही दाखवायचे तर आपण पाहुण्यांना नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान दाखवतो. परंतु समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि त्यावरून उतरण्याची वाट सिंदखेडराजालाही मिळाली. जिजाऊंचे जन्मस्थान असलेला राजवाडा, लखुजी जाधवरावांची समाधी, मोती तलाव, पुतळा बारव ही सारी एका लहानशा गावात आहेत. १२ जानेवारीला तेथे लोटणारी गर्दी आपण पाहतोच. उद्या तेथे लॉज, मंगल कार्यालये व व्यापारी संकुले उभी राहणार हे ओघानेच आले. ती कशी उभी राहावीत, याचा विचार मोठ्या शहरांनी आपल्या आधी केला आहे व काही ठिकाणी त्याची किंमतही मोजली आहे. त्या अनुभवातून आपल्याला काय घेता येईल, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पहिला प्रश्न जमिनीखालचा. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८७७ साली बांधून झालेले ट्रिनिटी चर्च आहे. भराव टाकून केलेल्या जमिनीवर, लाकडी खुंटांच्या पायावर ते उभे आहे. त्याला लागूनच जॉन हॅन्कॉक टॉवर ही साठ मजली काचेची इमारत उभारण्यात आली; ती १९७६ साली पूर्ण झाली. वास्तुशिल्पकारांनी विचार चांगला केला होता. इमारतीची काच आरशासारखी असावी, म्हणजे तीत जुन्या चर्चचे प्रतिबिंब पडेल व नवी इमारत जणू आकाशात विरघळून जाईल. पण पायाचा खोल खड्डा खणताना त्याच्या कडेच्या आधारभिंती सरकल्या, आजूबाजूचे रस्ते खचले आणि चर्चच्या बांधकामाला इजा झाली. चर्चला न्यायालयात दाद मागावी लागली. पुढे त्या इमारतीच्या काचाही निखळून पडू लागल्या व दहा हजारांहून अधिक तावदाने बदलावी लागली. दिसण्याचा विचार पूर्ण झाला होता, मातीचा अपुरा राहिला होता.

आपल्याकडे जमिनीखालचा प्रश्न निराळा आहे. जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला तेथे जुन्या शिवमंदिराचे अवशेष सापडले. आणखी खोदताना सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती मिळाली. समाधी सतराव्या शतकातील. मूर्ती तिच्याहून कित्येक शतके जुनी. सव्वादोन मीटर म्हणजे फार खोल नव्हे. साध्या तळघराचा खड्डा त्याहून खोल जातो. त्या जागी पुरातत्त्वज्ञाच्या कुदळीऐवजी जेसीबी पोहोचला असता, तर काय झाले असते याची कल्पना करावी. म्हणून अशा गावात नकाशा काढण्यापूर्वी जमिनीची तपासणी व्हायला हवी.

दुसरा प्रश्न नजरेचा. मुंबईत अपोलो बंदरावर १९०३ सालचे ताजमहाल हॉटेल आणि १९२४ साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया शेजारी शेजारी आहेत. १९७३ साली जुन्या ताजच्या कुशीत नवा मनोरा उभा राहिला. तो जुन्या घुमटाच्या माथ्यावर न चढवता बाजूला ठेवला आहे व त्याला कमानींचे आकार दिले आहेत. काहींना तो शोभतो, काहींना खुपतो. परंतु ‘जुने पाडून नवे’ यापेक्षा ‘जुने राखून शेजारी नवे’ हा मार्ग तेथे निवडला गेला, हे मान्य करावे लागेल.

नजरेचा हिशेब साध्या भूमितीने करता येतो. समजा, आपण समाधीपासून १०० मीटरवर उभे आहोत आणि समाधीच्या मागे आणखी १०० मीटरवर दहा मजली, म्हणजे सुमारे ३० मीटर उंचीची, इमारत आहे. इमारत आपल्यापासून दुप्पट अंतरावर असल्याने ती समाधीच्या जागी १५ मीटर उंच असल्यासारखी दिसेल. नांदुऱ्याच्या हनुमानाएवढी इमारत म्हणजे समाधीच्या शिखरामागे उभी केलेली भिंतच! तीच इमारत तीन मजली, दहा मीटरची असेल तर ती पाच मीटरची भासेल व समाधीच्या मागे झाकून जाईल.

आता कायदा पाहू. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात २०१० साली दुरुस्ती झाली. त्यानुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीनेच करता येते. वरील उदाहरणातील इमारत याच दुसऱ्या पट्ट्यात येते. म्हणजे केवळ अंतर मोजून भागत नाही. कोठून काय दिसते हेही ठरवावे लागते.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. माझ्या आत्याचे घर अशाच एका स्मारकाजवळच्या आळीत आहे. मागची मातीची भिंत पावसात बसली, तेव्हा दुरुस्तीच्या परवानगीसाठी दोन पावसाळे गेले. दोन मुलांचे संसार, पण वर मजला चढवता येत नाही. “वारसा सगळ्यांचा, अन् गळकं घर आमचं एकट्याचं,” असे आत्या म्हणते. तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

या प्रश्नाचे एक उत्तर न्यूयॉर्कने शोधले. १९१३ सालच्या ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकावर पंचावन्न मजली मनोरा चढवण्याची योजना १९६८ साली पुढे आली. नगराच्या वारसा आयोगाने ती नाकारली. रेल्वे कंपनी न्यायालयात गेली व १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. कंपनीला न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर नेण्याची मुभा होती, ही गोष्टही न्यायालयाने लक्षात घेतली. मुंबईतही १९९५ च्या वारसा नियमांनी वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या आणि मालकाला बुडालेला बांधकामाचा हक्क ‘टीडीआर’ म्हणून अन्यत्र विकण्याची सोय ठेवली. थोडक्यात, ज्याच्या डोक्यावर मजला चढू दिला नाही त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही.

लहान गावात टीडीआर विकत घेणार कोण, अशी शंका रास्त आहे. पण महामार्गाजवळ ज्यांना चार मजले जादा हवेत, त्यांच्याकडून शुल्क घेऊन जुन्या आळीतील घरांच्या दुरुस्तीसाठी निधी उभारणे अशक्य नसावे. उंच इमारतींना विरोध करण्याचे कारण नाही. त्या महामार्गाच्या बाजूला होऊ द्याव्यात. समाधी व राजवाड्याच्या परिसरात दोन-तीन मजल्यांची मर्यादा असावी. आणि परवानगीचा अर्ज ठरावीक मुदतीत निकाली निघावा. नाहीतर लोक रात्रीतून बांधकाम करतात व नियम कागदावर राहतो.

शेवटी एक सूचना. आपल्या इतिहास व भूगोल विभागांनी मिळून एका सुट्टीत सिंदखेडराजाच्या जुन्या आळ्यांचा नकाशा करावा. प्रत्येक घराची उंची, बांधकामाचे साहित्य, राहणाऱ्यांची गरज, आणि समाधी कोठून कोठून दिसते, एवढे नोंदवले तरी पुरे. मोजपट्टी, वही आणि पंधरा-वीस विद्यार्थी लागतील. तो नकाशा नगरपरिषदेला द्यावा. सुरुवात माझ्या आत्यासारख्या घरांपासून करावी, कारण त्या माणसांना विचारल्याशिवाय केलेली कोणतीही योजना तेथे टिकणार नाही.