गाभ ओळखणारें यंत्र आणि विजेचा ठोका

म्हैस फळली असें समजून महिनोन्‌महिने पेंड घालावी आणि अखेरीस ती भाकड निघावी, हा तोटा आमच्या वाचकांस नवा नाहीं. हातानें तपासून गाभ कळण्यास साधारण दोन महिने लागतात. अल्ट्रासाउंड यंत्रानें तो सुमारें ३० दिवसांत दिसूं शकतो. परंतु चित्र धूसर उमटल्यास गाभण जनावर रिकामें ठरतें, आणि माजावर आणण्याची प्रोस्टाग्लँडिनची सुई टोचल्यास हातचा गाभ जातो. म्हणून हें चित्र कशानें बिघडतें, हें समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कांहीं स्फटिक दाबले असतां वीज उत्पन्न होते, हें १८८० मध्यें फ्रान्समधील क्युरी बंधूंनीं दाखविलें. उलट, वीज दिल्यास ते कंप पावतात. यंत्राच्या प्रोबमधील चकती याच गुणाची असते. ती विजेच्या ठोक्यानें सेकंदास सुमारें ५० लक्ष वेळां कांपते, आणि शरीरांतून परतणारा प्रतिध्वनिही तीच टिपते.

देवळांतील घंटा एका टोल्यानें बराच वेळ घणघणते. तशी ही चकतीही घणघणत राहते. मांसांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५४० मीटर. म्हणजे एका लाटेची लांबी ०.३ मिलिमीटर. ठोका दोन लाटांत संपला तर ०.३ मिलिमीटर अंतरावरील दोन पडदे वेगळे दिसतात. तो दहा लाटा चालला तर दीड मिलिमीटरपर्यंतचे पडदे एक होतात. तीस दिवसांचा गर्भ अवघा सेंटिमीटरभर असतो, हें ध्यानीं घ्यावें.

यावर ठोक्याचा दाब वाढविणें हा उपाय नव्हे; त्यानें घणघणही वाढते. ठोक्याचा धन व ऋण भाग सारख्या उंचीचा व सारख्या वेळेचा हवा. नाहीं तर दुप्पट कंपसंख्येचा नको असलेला ध्वनि मिसळतो. अर्ध्या लाटेस सेकंदाचा एक कोटीवा भाग मिळतो, म्हणून वेळेची शिस्त कडक लागते. ठोका संपतांच चकतीवर उरलेली वीज एका जलद स्विचनें शून्यावर आणावी. घंटेवर हात ठेवावा तसें हें होय. चकतीमागील शोषक थरही घणघण मारतो.

सोसायटीनें यंत्र घेतांना केवळ किंमत पाहूं नये. गाभण असल्याची खात्री असलेल्या जनावरावर तें लावून पाहावें. गर्भाभोवतालचें पाणी स्वच्छ काळें दिसलें आणि हृदयाची फडफड ओळखूं आली, तरच पैसे मोजावे, असें आमचें मत आहे.