शपथ घेतली, पण औषध कुठे आहे?

हातभट्टीवर छापा पडतो, रसायन ओतून दिले जाते, पंचनामा होतो. पण ज्या माणसाच्या घशाखाली वर्षानुवर्षे ती दारू उतरली, त्याचे पुढे काय झाले याचा पंचनामा मंद्रूपमध्ये काय किंवा मुंबईत काय, कोणीही करीत नाही.

२०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातील मुळेगाव तांड्यावर भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना नुसते न पकडता दुसरा रोजगार देण्याचा तो प्रयत्न होता. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पोटासाठी भट्टी लावणाऱ्याला काम द्या, हे शहाणपण सरकारी खात्यात क्वचित दिसते. परंतु गाळणाऱ्याचे पुनर्वसन झाले तरी पिणाऱ्याचे झाले असे होत नाही. तो दुसरा गुत्ता शोधतो.

आमच्या वस्त्यांत पंचशील म्हटले जाते, १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती माणसाला व्यसनापासून दूर ठेवते, हे आम्ही पाहिले आहे. मात्र ज्याचे शरीरच दारूवर चालू लागले, त्याला केवळ शपथेवर सोडणे धोक्याचे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली की हात थरथरतात, झटके येतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. बायका म्हणतात, ‘भूतबाधा झाली’. भूत नव्हे, हा आजार आहे. तो दवाखान्यात, औषधाने आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने आटोक्यात येतो.

औषधानंतर खरे काम सुरू होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथे ३५ दिवसांचा निवासी उपचार, समुपदेशन, पुढचा पाठपुरावा आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. पण मंद्रूपच्या शेतमजुराने ३५ दिवसांची मजुरी बुडवून पुण्याला जायचे कसे? २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. बाकीचे ३७ कुठे गेले?

काही जण खासगी ‘केंद्रां’त कोंडले जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित आजार मानसिक आजारांत धरतो. कलम ९५ प्रमाणे रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर कलम ८९ नुसार दोघांच्या स्वतंत्र तपासणीनंतरच आणि तेही ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. कलम २७ मोफत कायदेशीर मदत देते. नवऱ्याला कुणी डांबले असेल तर बाईने तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा, वकिलाची फी लागत नाही.

आमची मागणी मोठी नाही. मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात यासाठी चार खाटा राखा, आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसवा आणि एक समुपदेशक कायमचा द्या, कानडी येणारा असेल तर अधिक बरे. तोवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा.