चित्रनगरींत मुक्काम किती दिवसांचा?

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशीं गेला आहे, मुलांच्या सहामाहीचे गुण कळून चुकले आहेत आणि नाताळच्या सुट्टीस अजून महिना-सव्वामहिना अवकाश आहे, असा जो काळ असतो त्या काळांत आमच्या केळापूर तालुक्यांतील बऱ्याच सुशिक्षित घरांत एक वाद निघतो. जावयाचें कोठें, याविषयींचा तो वाद नसतो. तें मुलांनीं आधींच ठरवून टाकलेलें असतें. हैदराबादेजवळची रामोजी फिल्म सिटी! वाद असतो तो तेथें किती दिवस राहावयाचें याचा. वडील मंडळींस एक दिवस पुष्कळ वाटतो, मुलांस तीन दिवसही अपुरे वाटतात, आणि खर्चाचा हिशेब ज्याच्याकडे असतो तो गृहस्थ ‘बघूं पुढें’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालतो. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु तो कसा सुटतो यावर घरांतील कोणतें माणूस मोटारींत बसणार आणि कोणतें मागें राहणार हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम रस्ता. केळापूर आणि त्याला लागूनच असलेलें तालुक्याचें ठाणें पांढरकवडा हीं गांवें नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहेत. जुन्या माणसांच्या तोंडीं हा रस्ता अद्याप ‘सात नंबर’च आहे, २०१० सालच्या नव्या क्रमवारींत तो राष्ट्रीय महामार्ग ४४ झाला. पाटणबोरी मागें टाकून पैनगंगा ओलांडली कीं आपण तेलंगणांत शिरतों. आदिलाबाद, लाकडी खेळण्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें निर्मल, सोनजवळ गोदावरीचें रुंद पात्र, मग कामारेड्डी, असें करीत हैदराबादेच्या वेशीपाशीं आल्यावर शहरांत शिरण्याचें कारण उरत नाहीं; शहराभोवतीं १५८ किलोमीटरांचा जो बाह्य वळणरस्ता केलेला आहे त्यानें परस्पर विजयवाड्याच्या सडकेस लागतां येतें, आणि त्या सडकेवरच ही चित्रनगरी आहे. सर्व मिळून अंतर साडेतीनशें किलोमीटरांहून थोडें अधिक. घरांत एखादें वृद्ध माणूस आणि एखादें लहान मूल असेल तर थांबत थांबत सात-आठ तास सहज मोडतात. खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका निघाली, पुढें २०१४ सालीं तिला पाण्याच्या खेळांचें उद्यान जोडलें गेलें आणि २०१५ सालीं हॉटेलही झालें. पण पुण्या-मुंबईच्या लोकांना ती जशी हाताशीं आहे तशी ती आम्हांस नाहीं. केळापुराहून खोपोली याच्या जवळजवळ दुप्पट लांब पडते. भाषा आपली असली तरी रस्ता आपला नव्हे.

आतां तेथें आहे काय? वृत्तपत्र-व्यवसायांतून पुढें आलेले रामोजी राव (यांचें ८ जून २०२४ रोजीं निधन झालें) यांनीं १९९६ सालीं चित्रपट तयार करण्यासाठीं ही वसाहत उभी केली. गिनीजच्या विक्रमांत जगांतील सर्वांत मोठा स्टुडिओ म्हणून तिची नोंद आहे, आणि विस्तार सुमारें १६६६ एकर सांगतात. शेतकऱ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर दहा-दहा एकरांचीं दीडशेंहून अधिक शेतें एका कुंपणांत आलीं. त्यांत बागा आहेत, परदेशी धाटणीच्या गल्ल्या आहेत, गाडी कधींच न येणारें रेल्वे-स्टेशन आहे. एकच इमारत एका बाजूनें एक आणि दुसऱ्या बाजूनें भलतेंच कांहीं दिसते. ‘बाहुबली’च्या दोन्ही भागांसाठीं (२०१५ व २०१७) उभारलेलें माहिष्मती नगर पाहण्यास पोरांची झुंबड असते. शिवाय पक्ष्यांचें उद्यान, फुलपांखरांचें उद्यान, पाळणे, चित्रपट कसा बनतो तें दाखविणारे खेळ, आणि संध्याकाळीं दिव्यांची रोषणाई. हें सर्व पायीं पाहणें अशक्य असल्यामुळें तेथील मोठ्या गाड्यांत बसवून मार्गदर्शक माहिती सांगत हिंडवितात, आणि या फेरींतच अर्धा दिवस खर्ची पडतो. राहण्यासाठीं कुंपणाच्या आंत हॉटेलें आहेत. ‘सितारा’ उंची, ‘तारा’ त्याहून माफक.

येथें एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. पाहुण्यानें किती दिवस राहावें याचा विचार आपण घरीं बसून करतों, त्याच्या कितीतरी आधीं असल्या नगऱ्यांच्या मालकांनीं तो केलेला असतो. या धंद्याचे आद्य पुरुष वॉल्ट डिस्ने. कॅलिफोर्नियांत १७ जुलै १९५५ रोजीं त्यांचें डिस्नेलँड उघडलें, तेव्हां लोक सकाळीं येत आणि रात्रीं परत जात. जे राहत ते भोंवतीं उगवलेल्या परक्यांच्या मुसाफिरखान्यांत राहत, आणि तो पैसा डिस्नेंच्या हातीं लागत नसे. म्हणून फ्लोरिडांत त्यांनीं हजारों एकर जमीन गुपचूप विकत घेतली. १९७१ सालीं तेथील उद्यान उघडलें तें स्वतःच्या दोन हॉटेलांसह, डिस्नेंच्या निधनानंतर पांच वर्षांनीं. मग १९८२ सालीं दुसरें उद्यान, १९८९ सालीं तिसरें, १९९८ सालीं चौथें. प्रत्येक नव्या उद्यानागणिक पाहुण्याचा मुक्काम एकेका दिवसानें लांबावा ही त्यांतील योजना. तिकिटाचे दरही असे बांधलेले कीं पहिला दिवस महाग आणि पुढचा प्रत्येक दिवस त्याहून स्वस्त. मग ‘आणखी एक दिवस जवळजवळ फुकटच पडतो’ असें वाटून माणूस राहतो. दिवस फुकट पडत नाहीं. खोली, जेवण, मुलांचे हट्ट आणि नोकरींतील एक रजा एवढें त्याला लागतेंच. वाणी वजनांत दोन सुपाऱ्या वर टाकतो त्या जातीचें हें औदार्य आहे.

म्हणून कुंपणाच्या आंत किती चमत्कार आहेत हें मोजून दिवस ठरवूं नयेत. मग ते कशावरून ठरवावे? आमच्या मतें घरांतील सर्वांत थकलेल्या पायांवरून.

समजा, एका घरांत सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत, मुलगा-सून दोघेंही नोकरी करतात, नात अकरा वर्षांची आणि नातू सहा वर्षांचा. अशा घरांत पहिला बेत ठरतो तो एका दिवसाचा. शनिवारीं रात्रीं जेवून निघावयाचें, रात्रभर गाडी हांकावयाची, रविवारीं सकाळीं फाटक उघडतांच आंत शिरावयाचें, दिवस मावळल्यावर बाहेर पडावयाचें, आणि सोमवारीं पहाटे परत. रजा नको, खोलीचें भाडें नको. कागदावर बेत नामी दिसतो. मात्र तो ठरतांच मुलगा म्हणतो, ‘आई, तुला फार दगदग होईल.’ सून म्हणते, ‘खरेंच आई, तुमच्या गुडघ्यांना सोसायचें नाहीं.’ आणि आजी म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, घर राखायला कोणी हवेंच.’ सर्वांना हायसें वाटतें. आजींच्या मनांत जावयाचें नव्हतें असें त्यामुळें मुळींच सिद्ध होत नाहीं. ज्या बाईनें तरुणपणीं टॉकीजबाहेर तिकिटाच्या रांगेंत तास तास काढले, तिला चित्रपट कसे बनतात हें पाहण्याची हौस नसेल असें आपण कोणत्या आधारावर धरून चालतों? तिला मागें ठेवतो तो तिचा गुडघा नव्हे. तो एका दिवसाचा बेत तिला मागें ठेवतो. आणि हांकणाऱ्यानें रात्रभर जागून चारशें किलोमीटरांच्या घरांत जाणें, दिवसभर उन्हांत हिंडणें व पुन्हां रात्रीं तोच रस्ता कापणें, हें तर निव्वळ अविचाराचें आहे.

याच घरासाठीं दोन रात्रींचा बेत मांडून पाहूं. शुक्रवारची एक रजा काढावी. सकाळीं सातला निघून, निर्मलच्या आसपास शिदोरी सोडून, उन्हें उतरण्याच्या सुमारास मुक्कामीं पोहोंचावें आणि त्या दिवशीं कांहींही पाहूं नये. शनिवारीं सकाळीं सर्वांनीं मिळून गाडींतली फेरी करावी. यांत आजींना बसूनच सारें दिसतें, आणि मार्गदर्शकास प्रश्नही बहुधा त्याच सर्वांत अधिक विचारतील. दुपारीं आजी आणि धाकटा नातू यांनीं खोलीवर जाऊन जेवून आडवें व्हावें; थोरलीनें आई-बापांबरोबर पाळणे-झोपाळे काय हवे ते करावे. संध्याकाळीं पुन्हां सर्वजण खेळ आणि रोषणाई पाहावयास एकत्र. रविवारीं सकाळचा थंड वेळ पक्ष्यांना आणि फुलपांखरांना द्यावा, आणि बाराच्या आंत गाडी उत्तरेकडे वळवावी. म्हणजे रात्री दोन, आणि नगरींतला प्रत्यक्ष काळ दीड दिवस. खोली ठरवितांना दोन गोष्टी मात्र आधीं स्पष्ट विचाराव्या: दुसऱ्या दिवसाचा प्रवेश त्या रकमेंत धरला आहे काय, आणि दुपारीं बाहेर गेलेल्यास त्याच तिकिटावर परत आंत घेतात काय. अशा ठिकाणीं घरचें अन्न आंत नेऊं देण्यास बहुधा मनाई असते; ज्यांचें पथ्य आहे अशांच्या जेवणाची सोय दुपारच्या मुक्कामामुळें आपोआप होते, हाही एक लाभच.

तिसरी रात्र काढावी काय? आम्ही नको म्हणूं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन (यांस २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांस एका खेपेस मिनिटभर थंडगार पाण्यांत हात धरावयास लावलें. दुसऱ्या खेपेस तेवढेंच मिनिट आणि वर आणखी अर्धें मिनिट, मात्र त्या अर्ध्या मिनिटांत पाण्याचा गारठा किंचित् कमी केला. पुन्हां एकदां सोसावयाचें तर यांपैकीं कोणतें पत्करतां, असें विचारतां बहुसंख्यांनीं लांबलेली खेप पत्करली! आठवण किती वेळ याचा हिशेब ठेवीत नाहीं. सर्वांत उत्कट क्षण कोणता आणि शेवट कसा झाला, एवढेंच ती जपते. दुःखास जें लागू तें सुखासही लागू आहे असें मानण्यास हरकत नसावी. सहा वर्षांच्या मुलाचा तिसरा दिवस आम्हीं पाहिला आहे: पाय दुखतात, पोट बिघडलेलें असतें, त्याच पाळण्यावर पांचव्यांदा बसावयाचें म्हणून रडें, आणि बसविलें तरी रडें. ती सहल त्याच्या मनांत त्या रडण्यानें संपते. रविवारीं सकाळीं खांद्यावर फुलपांखरूं बसलें असतां संपलेली सहल त्याहून लांब टिकेल.

शिवाय गृहिणीचे दिवस निराळेच मोजावे लागतात. पुरुषांच्या हिशेबीं सहल तीन दिवसांची. तिच्या हिशेबीं ती पांच-सहा दिवसांची असते. आधींचे दोन दिवस दशम्या, चिवडा, लाडू, औषधें आणि प्रत्येकाचे कपडे. परतल्यावर धुण्याचा डोंगर, आणि दुसऱ्याच दिवशीं डबे. बाहेर एक दिवस वाढला म्हणजे तिचें काम त्याहून अधिक वाढतें. तेव्हां मुक्कामाचा शेवटचा शब्द तिचा असावा, आणि परतल्यावरचें धुणें घरांतील पुरुषांनीं उचलावें. धुण्याचें यंत्र चालविण्यास पदवी लागत नाहीं.

केव्हां जावें, हा प्रश्नही आमच्याकडे दिवसांच्या संख्येशीं बांधलेला आहे. केळापूरची जगदंबेची नवरात्रांतली यात्रा झाल्याशिवाय जुनी माणसें गांव सोडीत नाहींत. पाठोपाठ कापसाची वेचणी लागते. ज्यांची थोडीबहुत शेती आहे त्यांना दिवाळीच्या सुट्टींत दोन दिवस काढणें जड जातें. मे महिन्यांत विदर्भांतून निघून तेलंगणाच्या उन्हांत जाणें म्हणजे कढईंतून निघून तव्यावर बसणें. नाताळांत हवा उत्तम आणि रोषणाईही अधिक. पण गर्दी अशी कीं एका दिवसाच्या पाहण्यास दोन दिवस लागावे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांतला एखादा शनिवार-रविवार साधल्यास दीड दिवस पुरतो. नाताळांतच जाणें भाग असेल तर रविवारचा पूर्ण दिवस आणखी द्यावा, आणि तिसऱ्या रात्रीची आमची मनाई तेवढ्यापुरती मागें घ्यावी.

एक मोह टाळण्याजोगा आहे आणि टाळवतही नाहीं. गोदावरीकांठचें बासर याच वाटेच्या थोडें बाजूला आहे. ज्ञानसरस्वतीच्या त्या देवळांत मुलांचा अक्षराभ्यास करण्यासाठीं लोक दूरदूरून येतात, आणि धाकट्याची पाटी अजून पुजावयाची राहिली असेल तर ‘जातांजातां उरकून घेऊं’ असें आजींच्या मनांत येणारच. येऊं द्यावें, पण परतीच्या दुपारीं, थकलेल्या मुलाला गाडींतून ओढून काढून तें करूं नये. जातांना शुक्रवारीं पहाटे दोन तास लवकर निघावें. विधि सकाळींच होईल, आणि त्या दिवशीं दुसरें कांहीं पाहावयाचें नाहींच.

जातां जातां आणखी एक. याच रस्त्यानें उलट दिशेनेंही लोक येतात. १९९७ सालीं घोषित झालेलें, सुमारें १४८ चौरस किलोमीटरांचें आपलें टिपेश्वर अभयारण्य पाहावयास हैदराबादेचीं कुटुंबें हल्लीं नेमानें येतात, आणि सुन्ना फाटकाची वाट विचारतां विचारतां किती दिवस राहावें असेंही विचारतात. येथल्याच जंगलांतून निघालेला एक तरुण वाघ २०१९ सालीं तेराशें किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला, हें त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं वाचलेलें असतें. त्यांना आम्ही हेंच सांगतों: दोन रात्री, एक फेरी दुपारची, एक पहाटेची. वाघ दिसेलच असें नाहीं. आजींना आणलें असेल तर पहाटेच्या उघड्या गाडींत बसवितांना कानटोपी आणि शाल विसरूं नये. डिसेंबरांत त्या वेळीं येथें थंडी चांगलीच झोंबते.