सुट्या भागांचा हिशेब

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव या पट्ट्यात घरोघरी डेस्कटॉप आले ते साधारण २००० ते २०१० या काळात, आणि त्यातले बहुतेक ‘असेंबल’ होते. कंपनीचा सीलबंद संगणक बँकेत किंवा सरकारी कचेरीत दिसायचा. बाकीच्यांनी मदरबोर्ड एका दुकानातून घेतला, मॉनिटर दुसऱ्यातून, आणि हार्डडिस्क जो शंभर रुपये कमी करील त्याच्याकडून. त्या खरेदीविषयी लोक अजून ‘स्वस्तात काम झालं’ म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. घेतानाच्या दिवशी वाचलेले दोन-चार हजार ही किरकोळ बाब होती. खरे पैसे पुढच्या आठ-दहा वर्षांत वाचले, कारण त्या खोक्यातला प्रत्येक भाग सुटा होता आणि तो गावातच कोणीतरी बदलू शकत होतं.

निमित्त एमएस-सीआयटीचं झालं. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं हा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं आणि एसटी स्टँडच्या आसपास क्लासचे बोर्ड झळकले. क्लासात माऊस तासभर हाती यायचा. सराव करायचा तर घरी मशीन पाहिजे, हे पोरांनी घरात पटवलं. दुसरं कारण बरंच लांबचं होतं. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरचं आयात शुल्क उतरत उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं. तैवानच्या कंपनीचा मदरबोर्ड मंचरच्या शिक्षकाला परवडू लागला त्यामागे हा करार होता.

पैसे मात्र हंगामानं यायचे. पगारदार पतसंस्थेकडं जायचा, शेतकरी टोमॅटोची किंवा कांद्याची पट्टी हातात पडेपर्यंत थांबायचा. नारायणगावच्या बाजारात क्रेटला भाव लागला की ट्रॅक्टरचे टायर, घराचा स्लॅब आणि संगणक या तिन्ही गोष्टी एकदम बोलण्यात यायच्या, आणि संगणकाचा नंबर तिसराच राहायचा. उरले त्यात बसवायचं. पंचवीस हजार, फार ताणलं तर तीस. कोटेशन आणलं की कात्री चालायची: पेंटियम-४ च्या जागी सेलेरॉन, २५६ एमबी रॅमच्या जागी १२८, सीडी रायटर खोडून साधा सीडी रॉम. ग्राफिक्स कार्डाचा प्रश्नच नव्हता; मदरबोर्डवर असेल ते.

या काटछाटीतल्या बहुतेक गोष्टी शहाणपणाच्या होत्या. रॅम पुढच्या हंगामात वाढवता यायची. महाग पडायचा तो एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तो कॅबिनेटबरोबर फुकट यायचा. अंगावर ४५० वॅट छापलेलं असायचं, आणि उचलला तर वजनावरूनच कळायचं की आत फारसं काही नाही. जाणकार दुकानदार दोन एसएमपीएस दोन हातांत तोलून जड असेल तो द्यायचा. ऐकायला गंमत वाटते, पण त्यात तथ्य होतं. स्वस्त मालात ट्रान्सफॉर्मर लहान आणि हीटसिंक पातळ. वीज आत शिरते तिथे फिल्टरच्या कॉइल असायला हव्यात, त्यांच्या जागी नुसत्या तारा टाकलेल्या. या तारांकडे पुन्हा यायचं आहे.

भाग आणायला दोन वाटा होत्या. एक नाशिक हायवेनं पुण्याला, बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीकडं. दुसरी माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे मुंबईला. या पट्ट्याची निम्मी नाती मुंबईत आहेत. डबेवाल्यांतलेही कितीतरी इथलेच. त्यामुळे पाहुण्यांकडे मुक्काम टाकायचा, सकाळी ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडची दुकानं पालथी घालायची. प्रोसेसर खिशात मावायचा. पंधरा इंची काचेच्या मॉनिटरचं वजन मात्र दहा-बारा किलो, आणि तो एसटीच्या टपावर टाकायची छाती कोणाची व्हायची नाही. घाटातली सगळी वळणं तो मांडीवर बसून पार करायचा.

घरी आणल्यावर खरी परीक्षा महावितरणची. २००५ नंतर भारनियमन वाढत गेलं. खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसणं नित्याचं झालं. असायची तीही डिम. गावठाणाचा आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा होईपर्यंत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसायचं आणि मॉनिटरवरचं चित्र आकसायचं. म्हणून इथल्या बजेटात यूपीएस ही चैन नव्हती. ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देणार, म्हणजे फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता वेळ. पण त्यातली १२ व्होल्टची बॅटरी भरायला सलग सहा-आठ तास लाईट लागायची. ती मिळायची नाही, आणि वर्ष-दीड वर्षात बॅटरी बसायची. काहींनी वायरी बाहेर काढून ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. चार्जर छोट्या बॅटरीसाठीचा, त्यामुळे मोठी कधी पुरती भरायची नाही, आणि तासभर चाललं की यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर तापून खोलीभर वार्निशचा वास. तरी लोक ते चालवत. परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर म्हणजे पुष्कळ.

मदरबोर्डवरची सीआर-२०३२ ही बटनसेल संपली की आणखी एक भानगड व्हायची. लाईट गेली की मशीन तारीख विसरायचं आणि २००२ किंवा २००३ च्या १ जानेवारीला जाऊन बसायचं. बिलं छापणाऱ्याचं लक्ष नसलं तर बिलावरही तीच तारीख.

दुरुस्तीची सगळ्यात जास्त वापरलेली विद्या खोडरबराची. मशीन चालू केलं, पंखा फिरतोय, पडदा काळा, आणि आतून लांब लांब बीप. म्हणजे रॅम. कॅबिनेटची एक बाजू काढायची, रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा बाहेर दाबायच्या, पट्टी उचलायची. सोनेरी पिनांवर काळपट थर धरलेला असतो. दप्तरातलं खोडरबर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं फिरवायचं. चुरा फुंकायचा नाही, फुंकरीत ओल असते. रंगाच्या कोरड्या ब्रशानं झाडायचा. मग पट्टीची खाच बघून ती बसवायची आणि दोन्ही क्लिपा ‘टक’ वाजेपर्यंत दाबायची. आहुप्याकडच्या, भीमाशंकरकडच्या पावसात हे दर वर्षी ठरलेलं. याचे पैसे घेणारेही होते आणि चहावर करून देणारेही.

त्या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर बसलेले होते. हा जगभरचा घोटाळा, नामांकित कंपन्याही त्यात सापडल्या. प्रोसेसरशेजारच्या कपॅसिटरांच्या टोप्या फुगायच्या, तपकिरी रस बाहेर यायचा, मशीन मधेच बंद पडायचं. कंपनीच्या संगणकाला याचा इलाज म्हणजे पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबणं. असेंबलवाल्यानं बोर्ड काखेत मारून टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडं न्यायचा. तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, जरा जास्त व्होल्टचे कपॅसिटर डाग देऊन बसवायचा. जुनी हार्डडिस्क जम्पर बदलून ‘स्लेव्ह’ व्हायची, जुनी रॅम चुलतभावाच्या मशीनमध्ये जायची. पाच वर्षांनी मूळ खरेदीतलं काय शिल्लक, तर बहुधा कॅबिनेट आणि कीबोर्ड. हिशेब मांडायचा तर तो असा मांडला पाहिजे.

हाच हिशेब नारायणगावापासून काही किलोमीटरवर, खोडदला, फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली, आणि तिची रचनाच काटकसरीची: भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारांची जाळी. या तीस अँटेनांचे संकेत जोडीजोडीनं, म्हणजे ४३५ जोड्यांत, ताडून पाहावे लागतात. सुरुवातीला त्यासाठी खास घडवलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तेच काम बाजारात मिळणाऱ्या, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या समूहाकडं गेलं, आणि पुढं दुर्बीण सुधारताना ग्राफिक्स प्रोसेसर आले; ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ४०० वर गेला. जे ग्राफिक्स कार्ड आमच्या कोटेशनमध्ये कधी आलंच नाही, त्याच्याच जातकुळीच्या या चिप.

आणि आता त्या फिल्टरच्या जागच्या तारा. खोडदची दुर्बीण साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान ऐकते. संगणकाची खरखर याच भागात पडते, म्हणून तिथले संगणक धातूनं मढवलेल्या खोल्यांत ठेवतात. विजेच्या तारांवरची ठिणगी, केबल टीव्हीचा गळका अ‍ॅम्प्लिफायर यांचाही दुर्बिणीला त्रास होतो. फिल्टर गाळलेला एसएमपीएस असाच गोंगाट वीजवाहिनीत सोडत असतो. घरातला रेडिओ शेजारी नेला तर ऐकूही येतो. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळकरी पोरं तिथं प्रयोग घेऊन जातात. हा प्रयोग कोणी मांडावा असं मला फार वाटतं.

पुढचं भराभर घडलं. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, हार्डडिस्कचे कारखाने बुडाले आणि इथं डिस्कचे भाव दुपटीकडं गेले. लॅपटॉप स्वस्त झाले, क्लासवाल्यांनी बोर्ड उतरवले. मग पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप आठ-दहा हजारांत मिळू लागले. त्यात एसएसडी टाकली की मशीन उड्या मारायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर गेली तेव्हा ज्यांना दुसरा पडदा हवा होता, त्यांनी हेच घेतले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेत नाही, त्यामुळे या धडधाकट मशीनांवर आता लिनक्स टाकायचं की जोखीम घेऊन तसंच चालवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

नवं जोडणाऱ्याला मी आज काय सांगतो? प्रोसेसर आतच ग्राफिक्स असलेला घ्या, कार्डाची जागा रिकामी राहू द्या. एसएमपीएस वेगळा विकत घ्या, बिलासकट. यूपीएस आजही लागतोच. रॅमचं मात्र गणित बिघडलंय: २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी चिप उचलल्यामुळे भाव चढले आहेत. तेव्हा दोन खाचांचा तरी मदरबोर्ड बघा, एकच पट्टी बसवा, आणि दुसरी पुढच्या टोमॅटोच्या पट्टीवर.