चांदबागेचं दार कुणाला उघडतं?

१८ एप्रिल १८७० रोजी लखनौच्या अमीनाबाद बाजारात सहा मुलींची शाळा भरली. दाराशी लाठी घेतलेला एक मुलगा राखणीला होता. ओहायोहून आलेल्या मेथडिस्ट मिशनरी इझाबेला थोबर्न यांनी ही शाळा पुढच्या वर्षी लालबागेत नेली आणि १८८६ मध्ये कॉलेजचे वर्ग सुरू केले. १९०१ मध्ये कॉलऱ्याने त्या गेल्या. १९२३ मध्ये कॉलेज चांदबागेत आलं. लखनौकर त्याला आयटी कॉलेज म्हणतात.

रशीद जहाँ, इस्मत चुगताई, कुर्रतुलऐन हैदर इथे शिकल्या. उर्दू साहित्यात बाईच्या मनातलं सरळ बोलण्याची धमक आली, त्यात चांदबागेचा वाटा आहे. इथल्या प्राचार्य सारा चक्को १९५१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर गेल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. पडद्याआडच्या मुलीवरचा अन्याय या कॉलेजने ओळखला आणि निवारला, यात मला शंका नाही.

जातीचं काय? उत्तर प्रदेशातला मेथडिस्ट समाज मुख्यतः चांभार आणि सफाईकाम करणाऱ्या जातींतून आला. लखनौत अनेक वर्षं काम केलेले जे. वास्कम पिकेट यांनी अशा सामूहिक धर्मांतरांचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. बाबासाहेबांच्या येवल्यातल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर मे १९३६ मध्ये अस्पृश्यांची परिषद भरली तीही लखनौतच. निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी तिथे आपापली बाजू मांडायला आले होते. ज्यांना चर्चने बोलावलं त्यांच्या मुली गावच्या मिशनशाळेपर्यंत पोचल्या. कॉलेजची पायरी मात्र इंग्रजी आणि फी यांनी उंच करून ठेवली होती.

या मुलींना कॉलेजात आणण्याची चर्चची जबाबदारी आज अधिक वाढली आहे, आणि तिचं कारण कायद्यात आहे. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी केली, पण अल्पसंख्याक संस्थांना वगळलं. म्हणजे ख्रिस्ती कॉलेजात दलित मुलीला जागा द्यायची की नाही, हे बरंचसं चालकांच्या विवेकावर सोपवलेलं आहे. त्याच लखनौत १९९६ मध्ये सुरू झालेल्या बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी आहेत.

दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. शीख दलित १९५६ मध्ये त्या यादीत आले, बौद्ध १९९० मध्ये. त्या बदलाने काय साधलं हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. ख्रिस्ती दलितांना हाच हक्क मिळावा ही चर्चची मागणी न्याय्य आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. म्हणूनच मला चर्चच्या कॉलेजांना विचारावंसं वाटतं: सरकारकडे जे मागता, ते तुमच्या प्रवेशयादीत किती दिसतं? कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्येही जातिभेद आहे हे मान्य केलं. एवढी कबुली दिल्यावर प्रवेशाच्या टेबलावर काहीतरी हलायला हवं.

वंचितांना मिशनच्या शाळा-कॉलेजांत शिकवण्याच्या कामाला आपल्याकडे, महाराष्ट्रात, जुना आधार आहे. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये कॉलेज काढलं ते मुंबई-पुण्याला जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी, आणि पुढे समाजकार्य व ग्रामविकासाचं शिक्षण तिथे वाढलं. हिवाळ्यांनी जागा निवडतानाच विद्यार्थी कोण हे ठरवलं होतं. लखनौसारख्या शहरातल्या नामांकित कॉलेजला तो निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो.

नुसता प्रवेश पुरत नाही. हिंदी माध्यमातून आलेली, सफाई कामगारांच्या वाल्मीकी वस्तीतली मुलगी पहिल्याच सहामाहीत इंग्रजी व्याख्यानाने खचते. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तिचं शिक्षण तिथेच थांबतं. तेव्हा प्रत्येक ख्रिस्ती कॉलेजने माहितीपत्रकात तीन आकडे छापावेत: दलित आणि आदिवासी विद्यार्थी किती घेतले, त्यांतल्या कितींना वसतिगृह व फीमाफी दिली, आणि पदवी घेऊन किती बाहेर पडले.